माळ्यावर सुरण, खाली पाणी

आमच्या घरात देवघर नाही, माळा आहे. मान मात्र तेवढाच. पावसाळा तोंडावर आला की घरातलं जे जे मोलाचं ते माळ्यावर चढतं. कोण चढणार आणि कोण खाली राहणार यावरून आमच्याकडे जी रस्सीखेच चालते, ती कुठल्याही पक्षाच्या तिकीटवाटपात चालत नसेल.

आम्ही बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहतो, तळमजल्यावर. नदी इथून लांब आहे, असं फ्लॅट विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. माणूस खोटा नव्हता. आम्हाला नदीपर्यंत चालत जायचं तर खरंच लांब पडतं. नदीला आमच्याकडे यायला किती वेळ लागतो, हे त्याला विचारायचं राहून गेलं. हॉलच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळकट रेघ आहे. कितीही रंग मारा, ती पुन्हा उमटते. पाहुण्यांना ते डिझाइन वाटतं.

माळ्यावर पहिला हक्क पप्पांच्या पत्रकांचा. पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते, कारखाना बंद पडेपर्यंत. युनियनची पत्रकं लिहिता लिहिता हात असा बसला की कारखाना गेला तरी पत्रकं थांबली नाहीत. पाणीटंचाई, भारनियमन, बुवाबाजी, लग्नातला वायफळ खर्च, नदीतला रेतीउपसा, विहाराच्या रस्त्यावरचा कचरा. अन्याय दिसला की पप्पा छापखान्यात. छापताना ते जनता किती आहे ते बघतात आणि वाटताना घेणारे किती आहेत ते दिसतं, त्यामुळे पत्रकं उरतात. उरलेली सुतळीने बांधून माळ्यावर. मी वाचायला शिकले ती याच गठ्ठ्यांवर. शाळेत 'अ' अननसाचा असतो हे कळलं तेव्हा मला आमच्या बाईंची दया आली होती. आमच्याकडे 'अ' अन्यायाचा होता आणि 'ज' जाहीर निषेधाचा.

या गठ्ठ्यांची मी टिंगल करते, पण त्यात लिहिलेलं बहुतेक सगळं मला आजही मान्य आहे. फक्त एखादी गोष्ट मान्य असणं आणि तिला माळ्यावर जागा देणं, या दोन वेगळ्या बाबी आहेत.

आणि जागा यंदा आईला हवी होती.

आई डबे देते. अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला असलेली, तिथेच खोल्या घेऊन राहणारी पोरं तिची गिऱ्हाइकं. त्याआधी ती कल्याणच्या एका केटररकडे पोळ्या लाटायची. तिथला सुपरवायझर तिला "ए चपाती" अशी हाक मारायचा. ताई नाही, मावशी नाही. चपाती. स्वतःचा डबा सुरू झाला त्या दिवशी आईने त्याला फोन लावला आणि म्हणाली, "चपाती बोलतेय. उद्यापासून येणार नाही." आमच्या घरात स्वातंत्र्यावर पुष्कळ कागद खर्च झालाय, पण त्या फोनपेक्षा चांगलं पत्रक माझ्या वाचनात नाही.

गेल्या पावसाळ्यात पाणी आत आलं तेव्हा फ्रीज आडवा होऊन हॉलभर पोहला. भाज्या खालच्या रॅकमध्ये होत्या, त्या गेल्या. पाणी ओसरलं, चिखल निघाला, लाइट आली, तोवर डबे बंद. स्टेशनजवळच्या एका मेसवाल्याने तेवढ्यात आईची निम्मी पोरं उचलली.

"पोट काय निष्ठावान नसतं," आई म्हणाली. "आणि असू पण नये."

पण तिला लागलं होतं. हळूहळू काही पोरं परत आली, काही नवी मिळाली. यंदा मे संपता संपता त्याच मेसवाल्याने पोरांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'पुरात पण जेवण चालू'. आईने तो आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला.

"यंदा खाडा पडला तर ही पण जातील. मग डबा बंद. मग मी परत चपाती."

पप्पांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की भाषण असतं. पण आई थांबली नाही, तिचा विचार करून झाला होता. पालेभाजी ही सुखाच्या दिवसांची भाजी, दुसऱ्या दिवशी मान टाकते. फ्रीज तर लाइटचा गुलाम. पुरात टिकतील ते कंदच. बटाटे, सुरण, अरवी, रताळी, बीट, गाजर आणि जोडीला कांदा-आलं. एवढं माळ्यावर नीट बसलं की मार्केट बंद राहिलं तरी तिची पोरं जेवतील.

"फक्त गाजर-बिटाला रेती लागेल," ती म्हणाली. "ओलसर रेतीत पुरून ठेवलं की टवटवीत राहतं. घमेलंभर आणा कुठून तरी."

"रेती? या घरात?"

"घरात नाही, बादलीत."

"अगं, मी रेतीउपशाविरुद्ध पत्रक काढलंय. नदी खरवडून काढलेला माल मी उचलून आणू? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी ते वाचलं असतं तर काहीतरी म्हणाले असते ना."

इथे मी पप्पांच्या बाजूने होते, कारण नदी खरवडतात म्हणून तर ती आमच्या हॉलमध्ये येते. शेवटी तोड निघाली ती भुशाची. उल्हासनगरात फर्निचरच्या कारखान्यांची रांगच आहे, तिथे लाकडाचा भुसा ढिगाने पडलेला असतो. आई आणि मी भाजी घ्यायला उल्हासनगरला गेलोच होतो, तशाच एका कारखान्यात शिरलो. मालकाने आधी आम्हाला तीन प्रकारचे सोफे दाखवले.

"सोफा नहीं भैया, भूसा चाहिए. प्लायवूड का नहीं, सादे लकडी का."

"सोफा छोड के भूसा?"

"हमारे यहाँ सोफा तैरता है," आई म्हणाली. त्याने भुशाचं पोतं फुकट दिलं, बहुतेक दयेने.

भाजी निवडताना आईचा रुबाब बघण्यासारखा असतो. बटाटा ती नखाने खरवडते, हिरवट दिसला की परत फेकते. रताळ्याचं टोक तुटलेलं नको, तिथून ते सडतं. सुरण घेतले ते उशीएवढे, गाळातून काढल्यासारखे, मातीने माखलेले. घरी आल्यावर पप्पा ते नळाखाली धरायला निघाले.

"धुवायचं नाही! माती राहू द्या."

"एवढी घाण?"

"घाण नाही, तो त्याचा रेनकोट आहे."

गाजर-बिटांचे पाले मोडून आम्ही ते रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये ओलसर भुशात पुरले. आलं वेगळ्या डब्यात, कोरड्या भुशात. बाकीचं माळ्यावर कसं लावायचं ते आईने बजावून सांगितलं. बटाटे अंधारात, पण कांद्यापासून लांब. एकत्र ठेवले की दोघं एकमेकांना नासवतात. रताळी सुटी सुटी. अरवी पसरून. सुरण एका कडेला, त्याला कोणी छेडायचं नाही. एवढं सांगून ती शहाडला मावशीकडे गेली. मावसबहीण बाळंत झाली होती, तिथे मदतीला हात हवा होता. एक मुक्काम होणार होता.

माळा लावायचं काम पप्पांकडे आलं. मी खाली स्टूल धरून उभी.

वर चढून त्यांनी बराच वेळ पत्रकांकडे पाहिलं, मग भाज्यांकडे, मग पुन्हा पत्रकांकडे. आईने सांगितलं तसं लावायचं तर अर्धे गठ्ठे खाली उतरवावे लागणार होते. मग त्यांना एकदम तत्त्व आठवलं. माझं निरीक्षण असं आहे की तत्त्व बऱ्याचदा जागा कमी पडली की आठवतं.

"बटाटा इकडे, कांदा तिकडे, हे काय चाललंय?" ते वरून म्हणाले. "या घरात कधी वेगळ्या पंगती बसल्या नाहीत. सगळे एकत्र बसतील."

आणि सगळे एकत्र बसले. एका ढिगात, भिंतीला लागून. बादल्या मात्र मावेनात, म्हणून त्या स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर गेल्या.

पुढे पप्पांनी जे केलं ते मांजर्लीतला कुठलाही सज्जन माणूस करेल. इथल्या माणसाच्या हातात मोलाची वस्तू दिली की तो आधी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळतो. रेशनकार्ड, लग्नाचे फोटो, पोरांची मार्कशीट, टीव्हीचा रिमोट. एकमेकांना आहेर म्हणून ताडपत्री दिली तरी इथे कोणाला वाईट वाटणार नाही. पप्पांनी निळी ताडपत्री घेतली, ढीग चारी बाजूंनी आवळला, खाकी टेप मारली, वरून आणखी एक जाड प्लास्टिक, आणखी टेप. थेंब आत जाणार नाही याची खात्री झाली तेव्हाच थांबले.

"पप्पा, हवा?"

"जन्मभर मातीखाली गाडलेले हे," ते म्हणाले, "यांना हवा कशाला?"

वाक्य जोरदार होतं. आमच्या घरात जोरदार वाक्याला प्रतिप्रश्न करायची पद्धत नाही.

आई परत आली, वर पाहिलं, निळं प्लास्टिक दिसलं. आमच्या माळ्यावर निळं प्लास्टिक नेहमीच असतं, आत पत्रकं असतात. तिला वाटलं भाज्या मागच्या बाजूला नीट मांडल्या असतील. रोजची भाजी रोज आणत होती, त्यामुळे साठ्याला हात लावायची वेळ आली नाही. पाऊस लागला, लागून राहिला आणि मग घरात वास यायला लागला.

पप्पांनी निदान केलं की उंदीर मेलाय. कपाटामागे शोधलं, मोरीत शोधलं. वरच्या मजल्यावरची आंटी जिन्यावरून नाक धरून ओरडली, "अरे, गटर भर गया क्या तुम्हारा?" ही आंटी सिंधी, जन्म उल्हासनगरचा. नवरा गेल्यावर इकडे राहायला आली. आमच्यावर माया करते, पण ती शिवीच्या चालीत.

शेवटी आई स्वतः माळ्यावर चढली. टेप फाडल्याचा आवाज आला.

मी मागून वर चढून पाहिलं. प्लास्टिकला आतून घाम फुटला होता, थेंब थेंब लोंबत होते. बटाट्यांना बोटभर पांढरे कोंब आले होते आणि ते कांद्यांमध्ये घुसले होते. तळातल्या बटाट्यांचं पाणी झालं होतं. रताळ्यांना बुरशीच्या दाढ्या आल्या होत्या. सुरण तेवढे आपल्या मातीत तसेच बसून होते, अंगावर एखादा मऊ डाग घेऊन.

"हे कोणी केलं?" आईने विचारलं. घरात आम्ही तिघंच.

"पाणी लागू नये म्हणून," पप्पा खालून म्हणाले.

"पाणी यांच्या आतच असतं! बाहेरचं कशाला पाहिजे?"

"मातीखाली तरी कुठे हवा—"

"मातीखाली जिवंत होते ते. आता उपटून आणलेत. उपटलेल्याला हवा लागते. आणि कांद्यात बटाटा कोणी घातला?"

मी पंगतीची गोष्ट सांगून टाकली. आई माळ्याच्या कडेवर येऊन बसली, पाय खाली सोडून.

"अहो, समता माणसांसाठी असते. बटाट्याने तुमची पत्रकं वाचली नाहीत. बरं झालं, वाचली असती तर त्याने पण तुम्हाला सांगितलं असतं, आधी आम्हाला श्वास घेऊ द्या."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नदी इशारा पातळीवर पोहोचल्याचा मेसेज होता, सखल भागातल्या लोकांनी सावध राहावं. त्याच्या खालोखाल पोरांच्या ग्रुपवर मेसवाल्याचा, 'पुरात पण जेवण चालू', यावेळी हात जोडल्याच्या चिन्हासकट. आईने फोन कमरेला खोचला आणि भाषण बंद करून कामाला लागली. मला ती तशी आवडते.

सडलेलं गोणीत. कोंब आलेले पण टणक बटाटे वेगळे, कोंब मोडून आधी संपवायचे. हिरवे पडलेले फेकून द्यायचे. दाढीवाली रताळी गेली, बाकीची पुसून घ्यायची. सुरणाचा मऊ भाग कापून कापलेली बाजू सुकवायची. आणि जे जे वाचलं ते कोरड्या कागदात गुंडाळायचं, एकेक, म्हणजे ओल शोषली जाईल आणि एकाची कीड दुसऱ्याला लागणार नाही.

"पेपर आणा," आई म्हणाली.

पेपर आम्ही मोबाइलवर वाचतो. घरात रद्दीचं एक पान नव्हतं. मी वर पाहिलं, आईने बाजूला पाहिलं. पप्पांनी पाहिलं नाही, कारण त्यांना माहीत होतं कागद कुठे आहे.

"ते चालणार नाहीत," ते म्हणाले. "शाई असते."

"सालं काढायचीच आहेत. शाई सालाबरोबर जाईल."

पहिला गठ्ठा खाली आला. पप्पांनी तो मांडीवर घेतला, सुतळी सोडली आणि वाचायला लागले.

"हे भारनियमनाचं. हे राहू दे, प्रश्न अजून चालू आहे."

"आणि ते?"

"बुवाबाजी. हे तर राहूच दे."

"रेतीउपसा?"

"चालू आहे."

"तुमचा कुठला प्रश्न सुटलाय ते सांगा," आई म्हणाली, "त्याच्यातच बांधते."

हे तिने चिडून म्हटलं होतं, पण म्हटल्यावर तिलाही ते टोचलं असावं. बाहेर कोणीतरी शिट्टी वाजवत, गाड्या वर काढा म्हणत गेलं. पप्पा उठले, स्टुलावर चढले, अगदी मागचा, पिवळा पडलेला गठ्ठा ओढून काढला आणि आईच्या पुढ्यात ठेवला. 'कारखाना वाचवा, कामगार वाचवा.' त्यावर पप्पांचं तरुणपणीचं अख्खं वर्ष गेलं होतं.

"यातलं काही वाचलं नाही," ते म्हणाले. "तिथे आता टॉवर आहे. घे."

मग मात्र गठ्ठे सटासट उतरले. कागद काय होता! हलका, खरखरीत, छापखान्यातला सगळ्यात स्वस्त. घाम असा प्यायचा की बघत राहावं. एखाद्या श्रीमंत पक्षाची चकचकीत पत्रकं असती तर बटाट्याच्या अंगावरून पाणी नुसतं घसरलं असतं. लग्नातल्या वायफळ खर्चात अरवी गेली, पाणीटंचाईत बटाटे, आणि सुरणाला मोठा कागद लागतो म्हणून मोर्च्याची पोस्टरं. मी गुंडाळताना सवयीने वाचत होते आणि पप्पा मला वाचू नको, हात चालव म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदा.

सगळं वर आंटीकडे नेलं. तिने हॉलमधल्या खाटेवरची गादी उचलली आणि पंख्याखाली भाज्या पसरू दिल्या.

"घर है कि सब्जी मंडी?" ती म्हणाली. "और इनको कपडे क्यों पहनाए हैं?"

एक बटाटा उचलून तिने वाचायचा प्रयत्न केला. तिला मराठी वाचता येत नाही. "क्या लिखा है?"

"पानी दो," मी म्हणाले.

"देगा, देगा," आंटी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "बहुत देगा."

सकाळी पाणी आत आलं. आम्ही फ्रीज विटांवर चढवून वर गेलो होतो. लाइट गेली. रेघेच्या बरंच खाली पाणी थांबलं, पण रस्ता बंद, मार्केट बंद. आंटीचा गॅस, आईचं पीठ. भाजी सुरणाची, कारण कापलेला सुरण थांबत नाही. सालं काढायला पप्पा बसले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हाताला तेल लावायचं असतं हेही कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे आईने ऐन वेळी सांगायचं टाळलं असा माझा संशय आहे. थोड्या वेळाने पप्पा हात झाडत घरभर फिरायला लागले.

"लाठ्या खाल्ल्या, पण अशी आग झाली नाही!"

"सुरण आहे, समता मानत नाही," आई म्हणाली. "ज्याने कापला त्यालाच खाजवतो."

डबे भरून कपडे धुवायच्या टबात ठेवले. पप्पांनी आणि मी तो दोन्ही बाजूंनी धरला आणि गुडघाभर पाण्यातून मोठ्या रस्त्याकडे निघालो. तिथे पप्पांचा एक जुना युनियनवाला रिक्षा घेऊन थांबणार होता. बाल्कन्यांमधून लोक बघत होते.

"काका, आज कसला मोर्चा?"

"जेवणाचा!" पप्पा ओरडले. "या सामील व्हा!"

कोणी सामील झालं नाही, नेहमीप्रमाणे. पण डबे अंबरनाथला पोहोचले. दुसऱ्या दिवशीही पोहोचले. सुरणाची रस्सा भाजी, सुरणाचे काप, जोडीला बिटाची कोशिंबीर. त्या दिवशी दुपारी आंटीच्या हॉलमध्ये बसून आम्ही पुढची भाजी चिरत होतो, तेव्हा आईच्या फोनवर तिच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला.

ही पोरं फोन करत नाहीत, ग्रुपवर अंगठा टाकतात. फोन करतात ते डबा बंद करायचा असला की. गेल्या वर्षी असेच एकेक फोन आले होते. आईने विळी बाजूला सरकवली, हात पुसले आणि फोन स्पीकरवर टाकला. बहुधा तिला एकटीने ऐकायचं नव्हतं.

"बोल बाळा."

"मावशी, राग नका मानू..."

"नाही मानत. बोल."

"म्हणजे, आम्ही सगळ्यांनी रूमवर बोलून ठरवलं, की तुम्हाला सांगू एकदा..."

आंटीने वारा घ्यायला हातात धरलेलं पुठ्ठ्याचं झाकण हलवायचं थांबवलं.

"कालपण सुरण, आजपण सुरण. घसा खाजतोय हो मावशी. चिंच तरी जास्त घाला. आणि उद्या काहीतरी दुसरं द्या ना, प्लीज."

आईचा आवाज एकदम चढला.

"बाहेर पूर आलाय आणि तुला दुसरं पाहिजे? उद्या अरवी आहे. अरवी पण खाजते. खायची तर खा!"

"खातो ना मावशी. कोण नाही म्हणतंय. फक्त चिंच."

तिने फोन ठेवला आणि आमच्याकडे वळली.

"ऐकलंत? भांडतोय. जात नाहीये, भांडतोय!"

"निषेध नोंदवून घेतला," पप्पा म्हणाले. त्यांचे दोन्ही हात चिंचेच्या पाण्यात बुडवलेले होते.